पुलीचं काय झालं, ते माझ्याकडनं ऐका

अहो वहिनी, या की जरा भिंतीपाशी. धुणं राहू द्या तसंच, ऊन कुठं पळून चाललंय? कोपऱ्यावरच्या काकूंनी तुम्हाला सांगितलंच असेल, की ही मालनमावशी म्हातारपणी शेजारच्या सम्याच्या नादाला लागली, रविवारी भर दुपारी त्याच्या परसात आग घेऊन खेळत होती, आणि तीही पँट घालून. सांगितलं न्हवं? वाटलंच. त्यांच्या तोंडातनं निघालेली गोष्ट गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत तिला शेपूट फुटतं. म्हटलं, खरं काय ते तुम्ही माझ्याकडनं ऐका, मग हसायचं तर हसा.

सुरुवात त्या वासापासनं झाली. वळीव पडला त्या संध्याकाळी सगळ्या गल्लीला नाकात झोंबणारा वास आला, आठवतंय? कुणी म्हणालं गटार तुंबलं, कुणी म्हणालं गॅस गळतोय. तुमच्या ह्यांनी सिलिंडरवाल्याला फोनसुद्धा लावला. अहो, गटार नव्हे नि गॅस नव्हे. सम्यानं भट्टीतली मळी काढून भिंतीकडंला ढीग घातला होता. ॲल्युमिनियम वितळलं की वर करडा थर धरतो, तो काढून टाकावा लागतो, ती मळी. त्यात नुसतं जळकं ॲल्युमिनियम नसतं. तापल्यावर ते हवेतला नायट्रोजनही थोडा धरून बसतं. मग त्या मळीवर पाणी पडलं की अमोनिया सुटतो. बर्फाच्या कारखान्यात येतो बघा, तोच.

मला वास आल्याबरोबर कळलं. आमच्या फौंड्रीत ॲल्युमिनियमची एक शेड होती, पावसाळ्यात तिच्यामागनं जायचं म्हणजे पदर नाकालाच लावायचा. पदर खोचला आणि गेले तडक सम्याच्या परसात. म्हटलं, काय वितळवतोस रे? पोरगं दचकलं. त्याला वाटलं, मी भांडायला आले.

व्हय, तुम्ही नवीन इथं, तुम्हाला कुठलं माहीत असायला. मी शिरोलीला कोअर शॉपात होते, रिटायर होईपर्यंत. कोअर म्हणजे काय सांगू? पंपाची बॉडी आतनं पोकळ असते की नाही? ती पोकळी काही कोरून काढत नाहीत. वाळूचा तसा आकार करायचा, भाजून कडक करायचा, साच्यात मधोमध बसवायचा. रस त्याच्या भोवतीनं जातो. गार झाल्यावर वाळू ठोकून बाहेर काढली की राहिली पोकळी. हे काम बायकांचं. कोल्हापूरच्या किती फौंड्र्यांत बायकांनी आयुष्यं घातली कोअर करण्यात. मोल्डिंगला पुरुष, ओतायला पुरुष. आम्ही पोकळी करायची आणि बाजूला व्हायचं. पगारपत्रकावर शेवटपर्यंत माझ्या नावापुढं ‘हेल्पर’. नवा सुपरवायझर आला की पहिले चार दिवस मलाच विचारायचा, मावशी, हा कोअर कुठल्या बाजूनं बसतो? पाचव्या दिवसापासनं मलाच शिकवायचा. जाऊ दे. ते सांगत बसले तर दुधाला उकळी फुटेल.

तर सम्याचा कारखाना. रंगाचा रिकामा डबा, आतनं प्लास्टर आणि वाळूचं अस्तर. प्लास्टर आणलं बापट कॅम्पातनं, गणपतीवाल्यांकडनं. हवा द्यायला बहिणीचा केस वाळवायचा ड्रायर; तिला अजून पत्ता नाही, तुम्ही सांगू नका. लोणारी कोळसा. आणि ॲल्युमिनियम वितळवायला कसलातरी स्टीलचा डबा! म्हटलं, हा डबा कितव्यांदा वापरतोयस? म्हणाला, बघा की मावशी, किती मजबूत आहे. मी चिमट्यानं उचलून उन्हाकडं धरला. बुडाला टाचणीएवढा उजेड. वितळलेलं ॲल्युमिनियम लोखंड खातं, वहिनी. हळूहळू आपल्यात विरघळवून घेतं. एक दिवस बूड जातं आणि सगळा रस कोळशात नाहीतर पायावर. आता त्यानं उद्यमनगरातनं ग्राफाइटची मूस आणलीय. तिचेही लाड असतात. पहिल्यांदा रिकामी, सावकाश तापवायची. आत तुकडे ठेचून भरायचे नाहीत, कारण ते तापून फुगतात आणि मुशीला तडा देतात.

आणि त्याच्या शेजारी बादली. पाण्यानं काठोकाठ भरलेली! म्हणाला, सेफ्टीसाठी. मी आधी ती बादली उचलून नळाखाली नेऊन ठेवली. म्हटलं, हात भाजला तर पाणी पाहिजेच, पण ते तिथं. भट्टीजवळ कोरड्या वाळूची बादली. अहो, लिटरभर पाण्याची वाफ झाली की तिला सतराशे लिटर जागा लागते. रसाखाली थेंब अडकला तर तो जागा कुठनं आणणार? रसाला घेऊनच वर येतो. ओली पळी मुशीत घातल्यावर काय होतं ते मी शेडमध्ये पाहिलंय, पत्र्याला अजून ठिपके असतील. म्हणून पळी, चिमटा, भंगार, सगळं आधी भट्टीच्या झाकणावर ठेवून कोरडं करायचं. डोळ्याला कोरडं दिसतं ते कोरडं नसतं. तो कोबाच बघा. सम्या सिमेंटच्या कोब्यावर ओतत होता. सिमेंटच्या पोटात पाणी असतंच. त्यावर रस सांडला की खपल्या उडतात, आणि त्या खपल्यांबरोबर रस. मी त्याला परसातल्या मातीवर वीतभर कोरडी वाळू पसरायला लावली, मग पुढचं बोलणं.

तो म्हणतो, मावशी, सहाशे साठ डिग्रीला तर वितळतं, लोखंडाच्या मानानं किती सोपं! खरं आहे. आमच्याकडं बिडाचा रस चौदाशेच्या आसपास ओतायचे. पण बीड प्रामाणिक हो. तापलं की लाल, मग पिवळं, लांबनंच सांगतं की मला शिवू नका. हे ॲल्युमिनियम लबाड. उन्हात वितळलेलंही पांढरंच दिसतं. गार आहे का सातशेवर आहे, डोळ्याला काही कळत नाही. नव्या पोरांचे हात भाजायचे ते ह्याच्याच विटांनी, कुणीतरी आत्ताच साच्यातनं काढून ठेवलेली असायची आणि हे गडी सरळ उचलायला जायचे.

मी पोराला दटावलं तेवढंच नाही हं. खरं सांगू? मला बरं वाटलं. ह्या गल्लीतली पोरं दिवसभर मोबाईलमध्ये तोंड घालून बसतात. हाही बसतो, पण निदान त्यातलं काहीतरी हातानं करून बघतो. त्याचा कोण एक अमेरिकेतला गुरू आहे, डेव्ह गिंजरी. 1980 साली त्यानं कोळशाच्या भट्टीवर पुस्तक लिहिलं, आणि मग पुढच्या पुस्तकांत भंगारातल्या ॲल्युमिनियमपासनं लेथ, शेपर, मिलिंग मशीन, असा अख्खा वर्कशॉप कसा करायचा ते. भंगारातनं लेथ! सम्या सांगताना असे डोळे करतो, जणू ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली. मी म्हटलं, बाबा, उद्यमनगरात जा, तिथं एकेका गाळ्यात असले गिंजरी बसलेत, फक्त त्यांनी पुस्तकं लिहिली नाहीत.

मला एवढंच सांगायचं होतं त्याला, की वितळवणं म्हणजे ओतकाम नव्हे. वितळवायला काय, चूलसुद्धा वितळवेल. आत काय टाकलंस आणि बाहेर कशात ओतणार, ते काम. ह्या पोराला मधलंच तेवढं आवडायचं, आग.

आत काय टाकत होता माहिताय? शीतपेयांचे डबे. कागदासारखा पत्रा, दोन्ही बाजूंनी रंग नि लेप. रस व्हायच्या आधी बराचसा जळून मळी होतो. पोतंभर डबे वितळवून हाती येतो गोळा, नि भिंतीकडंला मळीचा डोंगर. म्हणून तर एवढा वास. मग मी त्याला घेऊन भंगारवाल्याकडं गेले. तुम्हा-आम्हाला सगळं ॲल्युमिनियम एकच वाटतं, भंगारवाल्याला नाही. त्याचे ढीग वेगळे, भाव वेगळे. खिडक्यांचे सेक्शन वेगळे. ते दाबून काढलेले असतात, त्यात सिलिकॉन एक टक्कासुद्धा नसतं, म्हणून साच्यात नीट पळत नाहीत, कोपरे भरत नाहीत आणि गार होताना चिरा पाडतात. जर्मनची भांडी वेगळी, ती जवळजवळ शुद्ध, मऊ. आणि गाड्यांचे पिस्टन, इंजिनाची कव्हरं, अलॉय व्हील, ह्याला भंगारवाला म्हणतो ‘कास्टिंग माल’. जे एकदा ओतलंय ते पुन्हा ओतायला बरं, हा साधा हिशोब. पिस्टनमध्ये बाराच्या आसपास टक्के सिलिकॉन असतं. तेवढ्यावर ॲल्युमिनियम सगळ्यात लवकर वितळतं, पावणेसहाशेच्या आसपासच, आणि पाण्यासारखं बारीक जागेत शिरतं. अलॉय व्हीलमध्ये सातेक टक्के. तेही चांगलं.

आणि काय घ्यायचं नाही ते जास्त महत्त्वाचं. सम्यानं एक जुना कार्बोरेटर उचलला. मी हातात तोलून बघितला आणि परत ढिगावर टाकला. लई जड. म्हणजे जस्ताचा, ॲल्युमिनियमच्या अडीच पट वजन. जस्त भट्टीत जास्त तापलं की पांढरा धूर, तो छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप. उलट फारच हलकं लागलं तर तेही नको, ते मॅग्नेशियम असू शकतं. ते पेटलं तर पांढरंशुभ्र जळतं आणि त्यावर पाणी मारलं तर अजून भडकतं. कानशीनं घासून व्हिनेगरचा थेंब टाकायचा, बुडबुडे फसफसून आले की लांब ठेवायचं. गाडीचा शॉकॲब्सॉर्बर, किंवा कुठलीही दोन्ही तोंडं बंद असलेली नळी, तशीच टाकायची नाही. आतलं तेल, हवा तापली की फुटते.

आता हे तुमच्या कामाचं, नीट ऐका. सम्याच्या ढिगात दोन नॉनस्टिक तवे होते. कुणीतरी हौसेनं दिलेले. काकूंनीच दिले असतील. मी ते काढून घेतले. तो काळा लेप साडेतीनशे डिग्रीच्या पुढं गेला की त्याचा विषारी धूर होतो. माणसाला खोकला-ताप येतो, पण पाखरं जागीच मरतात. आणि तुमच्या लव्हबर्डचा पिंजरा भिंतीला लागूनच. मला आधी तोच दिसला. तुमच्याही स्वयंपाकघरात रिकामा नॉनस्टिक मोठ्या गॅसवर विसरू नका, पाखरं घरात असतील तर.

बरं, पुली. काकूंनी तुम्हाला पुलीचं काय सांगितलं? फुटली? अहो, फुटली होती ती जुनी! सम्याच्या आईची घरघंटी बंद पडली, पट्ट्याची पुली फुटून. गल्लीतलं निम्मं दळण त्या घंटीवर चालतं. दुकानदार म्हणाला, हे मॉडेल आता येत नाही, नवीनच घ्या. ह्यांचं ठरलेलं उत्तर असतं ते. सम्या म्हणाला, मावशी, मी ओततो. त्याआधी त्यानं एक चकती ओतून बघितली होती. वरनं गुळगुळीत, सुरेख. उद्यमनगरात लेथवर नेली, वरचा थर निघाला, आणि आतनं निघाला अनारसा. नुसती जाळी. टर्नर एवढा हसला म्हणे, की चहा सांडला त्याच्या हातातला.

त्याला वाटलं, वाळूचा दोष. वाळूचा काय दोष? रसातच हवा होती. म्हणजे हायड्रोजन. दमट भंगार, दमट कोळसा, पावसाळी हवा. त्या वाफेतला प्राणवायू ॲल्युमिनियम घेतं आणि राहिलेला हायड्रोजन रसात मुरतो. रस असताना तो मावतो. गोठायला लागलं की त्याच्या जेमतेम विसाव्या हिश्शाएवढाच आत राहू शकतो, बाकीचा जिथं असेल तिथं बुडबुडा होऊन अडकतो. जेवढा रस जास्त तापवाल आणि जेवढा वेळ ठेवाल तेवढा तो जास्त पितो. हा पोरगा रस तयार झाल्यावरही ड्रायर लावून, ढवळत, व्हिडिओ काढत बसायचा. कारखान्यात आत नायट्रोजन नाहीतर आर्गन सोडून हायड्रोजन बाहेर काढतात. काही ठिकाणी गोळ्या टाकायचे, त्यांचा क्लोरीनचा धूर शेडमध्ये कुणाला बसू द्यायचा नाही. घरी त्यातलं काही करायचं नाही. घरी एवढंच: सगळं वाळवायचं, भराभर वितळवायचं, सातशे-सातशे वीसला आलं की मळी बाजूला सारायची आणि ओतायचं. तापमापकाची काडी आणली त्यानं, बरं केलं. अंदाजावर हे काम नाही.

साच्याचं मात्र मी त्याला एकट्याला करू दिलं नाही. पॅटर्न प्लायवूडचा. आता पुलीला पट्ट्याची खाच असते, तर हा शहाणा खाचेसकट पॅटर्न करायला निघाला. म्हटलं, वाळूत दाबलेला हा वर कसा काढशील? खाचेत बसलेली वाळू बरोबर घेऊन येईल की. सपाट चकतीच ओतायची, खाच लेथवर. कडा किंचित उतरत्या ठेवायच्या, म्हणजे पॅटर्न सुटतो. आणि मापाला थोडी मोठी. ॲल्युमिनियम गार होताना मीटरला तेरा मिलीमीटर आटतं, बीड दहा. सहा इंची पुलीला दोन मिलीमीटर आटण्याचे, वर लेथवर खरवडायला अडीच-तीन. पॅटर्नवाल्या सुतारांची पट्टीच वेगळी असायची आमच्याकडं, आटणं धरूनच मापं लांबवलेली. एकदा एका साहेबानं ती उचलून त्यावर मोजलं आणि अख्ख्या लॉटला रिजेक्ट म्हणाला. दुपारपर्यंत कुणी त्याला सांगितलंच नाही.

वाळू काळी, फौंड्रीतनं मागून आणली दोन घमेली. ओळख आहे अजून. नवीन करायची तर शंभर किलो वाळूला आठ-दहा किलो बेंटोनाइट आणि चार-पाच लिटर पाणी, ह्यापेक्षा जास्त पाणी नको. मुठीत दाबायची, उघडल्यावर बोटांचे ठसे दिसले पाहिजेत, आणि मोडली तर कडा धारदार राहिल्या पाहिजेत. हाताला चिकटली तर ओली, भुगा झाला तर सुकी. हे मोजायचं यंत्र मिळतं. मला कधी लागलं नाही. तेवढं बजावलं मात्र, की वाळू चाळताना नाकाला मास्क. तोंडाला रुमाल नव्हे, चांगला मास्क. ती बारीक धूळ छातीत बसते ती निघत नाही. आमच्या शॉपातल्या दोघी त्यातच गेल्या.

असो. वरची पेटी, खालची पेटी. मध्ये दोन्ही चिकटू नयेत म्हणून पार्टिंग पावडर टाकतात, सम्यानं भाचीची अंगाला लावायची पावडर आणली. चालते. परसात बाळाच्या खोलीसारखा वास.

आणि मधल्या भोकाचा कोअर माझा. तो मी कुणाला करू देते होय? कारखान्यात सोडियम सिलिकेट घालून वर कार्बन डायऑक्साइड सोडतात, मिनिटात दगड. पण त्याच्याआधी जुनी माणसं मळी घालायची. ही भट्टीतली नव्हे हं, साखर कारखान्यातली. मी आपली घरातली काकवी घेतली. वाळू, काकवी, चिमटीभर कणीक. पाइपच्या तुकड्यात ठासला, मधनं विणायची सुई घालून हवेला वाट केली आणि ठेवला ओव्हनमध्ये दोनशेवर. ह्यांनी वासानं विचारलं, काय गं, गुळाच्या पोळ्या का? म्हटलं, व्हय, वाळूच्या. खायला बसा. काकवीच्या कोअरचं एक असतं, तो हवेतला ओलावा ओढतो. रात्रभर उघडा राहिला की सकाळी मऊ. म्हणून भाजला की कोमट असतानाच साच्यात. इकडं कोअर बसवला की तिकडं रस तयार पाहिजे.

आता ते, ज्यासाठी तुम्ही मघापासनं थांबलाय. पँट.

अहो, नायलॉनची साडी नेसून रसाजवळ जायचं? एक ठिणगी आणि कातडीला चिकटून वितळते ती. सुती साडीचाही घोळ पायात येतो. म्हणून ह्यांची जुनी खाकी पँट, जाड सुती. पायात ह्यांचे सेफ्टी बूट, पुढं कागद कोंबून. पँटचे पाय बुटाच्या वरनं, आत खोचायचे नाहीत, नाहीतर सांडलेलं सरळ बुटात. हातमोजे कातड्याचे, तोंडाला काचेचं झाकण. काकू गच्चीवर पापड उलटायला आल्या त्या नेमक्या तेव्हाच. पापड तसाच राहिला हातात.

ओतणार सम्याच होता. त्यानं मूस चिमट्यानं वर काढून वाळूवर ठेवली, मी मळी बाजूला केली, कडीच्या दांड्यात मूस बसवली. आणि त्याचा हात थरथरायला लागला. दोन किलोच रस, पण पहिल्यांदा थरथरतोच. म्हटलं, आण इकडं.

एवढी वर्षं मी रस लांबनं बघितला होता, वहिनी. माझे कोअर घेऊन तो कुठं कुठं गेला असेल, कुठल्या कुठल्या विहिरीवरच्या पंपात. हातात दांडा कधी नाही. पण बघून बघून अंगात बसलेलं असतं. तोंडाशी मूस अगदी खाली न्यायची, उंचावरनं धार सोडायची नाही, नाहीतर धारेबरोबर साल आत जाते. सुरू केलं की थांबायचं नाही. वाटीसारखं तोंड भरलेलंच ठेवायचं. रायझरमधनं रस वर दिसला की हात सरळ. साताठ सेकंदांचं काम. मग मी म्हटलं, आता शिवू नका कुणी, आणि आत जाऊन ताक प्याले.

रायझर कशाला? अहो, रस गोठताना सहा टक्के आकसतो. शेवटी जिथं गोठतो तिथं खड्डा पडतो. तो खड्डा पुलीत पडण्यापेक्षा वरच्या जाड रायझरमध्ये पडू दे, नंतर करवतीनं कापून परत भट्टीत. आमच्या रायझरला बोटभर खड्डा पडला होता. म्हणजे पुलीनं तिचं तिचं पिऊन घेतलं होतं.

टर्नरकडं मी गेले नाही. सम्या गेला. तोच टर्नर, चहा सांडलेला. एक कट मारला, दुसरा मारला, खाच पाडली. जाळी नाही. म्हणाला, कुठल्या फौंड्रीतनं आणलीस? सम्या म्हणाला, शेजारच्या मावशींनी ओतली. तर म्हणतो, कोअर कुणाचा होता? भोक एकदम मध्याला आहे. बघा, ओळखणाऱ्याला कळतं. घंटी सोमवारपासनं चालू आहे, पट्टा सरळ पळतोय. सम्याच्या आईनं मला दोन किलो गव्हाचं दळण फुकट दिलं. एकदाच. पुढच्याला पैसे घेतले.

पण आता नवीनच त्रास. जी ती येते, मावशी, मला कढई ओतून द्या, मला आप्प्याचं पात्र. काकूसुद्धा! मी स्वच्छ नाही म्हणून सांगितलं. भंगारात काय काय असतं, डाग लावलेलं शिसं असतं, तारा असतात, रंग असतो. ते रसात जातं आणि मग आमटीत उतरतं. सम्याला म्हटलं, तुझ्या मोबाईलमध्ये ह्याचं काही असेल तर काढ. त्यानं वाचून दाखवलं, 2017 साली संशोधकांनी दहा देशांतली 42 ॲल्युमिनियमची भांडी तपासली, भंगारातनं गावठी पद्धतीनं केलेली. जवळजवळ एक तृतीयांश भांड्यांतनं शिशाचा धोका. ऐकून सम्याची आई घरातल्या सगळ्या कढया उलट्या करून बघायला लागली, मार्क आहे का. म्हटलं, दुकानातलं भांडं आयएसआय बघून घ्या, आणि आमच्याकडं पुली, दांडा, मूठ, खुंटी काय पाहिजे ते मागा. तोंडात जायची वस्तू नाही.

आणि दुसरं, सम्यानं घरचा सिलिंडर जोडून बर्नर करायचा म्हणून काढलं होतं. ते मी हाणून पाडलं. घरच्या वापराचा सिलिंडर असल्या कामाला लावणं कायद्यात बसत नाही, आणि अनाडी जोडणीच्या नळीवर माझा विश्वास नाही. कोळसा बरा. धूर होतो, पण म्हणून वार ठरवलाय: रविवार, तीन वाजता, वारा ओढ्याकडं असेल तरच. कुणाचे पापड-सांडगे वर असले तर नाही. मळी आता झाकणाच्या डब्यात, कोरड्या जागेत, आणि भरला की भंगारवाल्याला. त्याला मळीचंही गिऱ्हाईक आहे, त्यातनंही उरलेलं ॲल्युमिनियम काढतात. काय फेकायचंच नाही बघा ह्यातलं. आपल्याच जिल्ह्यात दुर्गमानवाडला डोंगर फोडून बॉक्साइट काढलं, तिकडं बेळगावच्या कारखान्यात जायचं, आणि मग त्याचं ॲल्युमिनियम करायला वीज किती! जुनं वितळवायला त्याच्या पाच टक्केसुद्धा पुरते म्हणतात.

तुमचा माळ्यावरचा कुकर? द्या की. पण रबर, शिट्टी, सेफ्टी व्हॉल्व्ह, हँडल, सगळं काढून. स्वच्छ घासून, उन्हात चांगला वाळवून. नुसत्या कुकरचा माल मऊ पडतो, लेथवर चिकटतो, पण पिस्टनमध्ये थोडा मिसळला तर खपून जाईल. सम्याला आता लेथचा बेड ओतायचाय, त्या गिंजरीसारखा. मी म्हटलं, आधी मूठ ओत. ऐकतोय कुठं. बेडला पिस्टनच लागणार, आणि इथला भंगारवाला आता आमची गरज ओळखून भाव वाढवून बसलाय.

तुमच्या भावाचं गॅरेज आहे म्हणालात न्हवं इचलकरंजीला? मग विचारा की त्याला, जुने पिस्टन किलोवर देतो का. पिन आणि रिंगा काढून म्हणावं. आणि डिझेल गाडीचे असले तर वेगळे ठेव म्हणावं, त्यात वरच्या रिंगच्या खाचेला बिडाची कडी बसवलेली असते. ती वितळत नाही, मुशीच्या तळाशी राहते. तिचं वजन धरून पैसे मागू नको म्हणावं, आम्हाला कळतं.